मैदान आमचे, खेळाडू आमचे. मग माईक कुणाचा?

आपल्या गावच्या संघाचा सामना रेडिओवरून ऐकवण्याचा हक्क कुणाचा? वरवर पाहता हा प्रश्न व्यापाऱ्यांचा आहे. दोन रेडिओ केंद्रे बोली लावतील, जे जास्त पैसे मोजेल ते हक्क घेईल, आणि ऐकणारा ऐकेल. चळवळीच्या वाचकाने यात डोके कशाला घालावे, असे कुणी विचारील. आमचे म्हणणे असे की, घातलेच पाहिजे. कारण ज्याच्या हाती माईक असतो तोच ठरवतो, कुणाचे नाव घराघरांत पोहोचायचे आणि कुणाचे मैदानाच्या धुळीतच राहायचे. बाबासाहेबांनी १९२० साली आपल्या पाक्षिकाला ‘मूकनायक’ हे नाव दिले, तेव्हा त्यांनी हाच प्रश्न उभा केला होता. ज्याला आवाज नाही त्याचे कर्तृत्व असूनही नसल्यासारखेच राहते. म्हणून रेडिओ हक्कांच्या लढाईत कोणते केंद्र जिंकले, एवढेच पाहून भागत नाही. ज्यांच्यासाठी कुणी लढलेच नाही, ते कोण होते, हेही पाहावे लागते.

पिट्सबर्गचा खटला

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग हे पोलादाच्या कारखान्यांचे आणि कामगारांचे शहर. ५ ऑगस्ट १९२१ रोजी तिथल्या केडीकेए या रेडिओ केंद्राने फोर्ब्स फील्ड या मैदानावरून पायरेट्स संघाचा बेसबॉल सामना ऐकवला. बेसबॉलचा सामना रेडिओवरून ऐकवला जाण्याची ही पहिलीच वेळ होती. सुरुवातीला याकडे सगळ्यांनी गंमत म्हणून पाहिले. पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जाहिरातदारांच्या लक्षात आले की, जो आवाज सामना सांगतो तोच आवाज मालही विकू शकतो. तेव्हापासून सामन्याच्या आवाजाला बाजारभाव आला.

१९३८ साली पायरेट्स क्लबने आपल्या सामन्यांच्या रेडिओ प्रसारणाचा एकट्याचा हक्क जनरल मिल्स या खाद्यपदार्थांच्या कंपनीला विकला. या कंपनीने एका तेल कंपनीला भागीदार करून घेतले आणि सामने केडीकेए व डब्ल्यूडब्ल्यूएसडब्ल्यू या केंद्रांवरून ऐकू येऊ लागले. त्याच शहरात केक्यूव्ही हे तिसरे केंद्र होते. त्याला हक्क मिळाला नव्हता. मग त्याने युक्ती केली. मैदानाच्या कुंपणाबाहेर, जिथून आतला खेळ दिसतो अशी जागा भाड्याने घेतली, तिथे पगारी माणसे बसवली आणि त्यांनी पाहिलेला खेळ आपल्या केंद्रावरून सांगायला सुरुवात केली. मैदानात पाऊलही न टाकता सामना ऐकवला.

प्रकरण न्यायालयात गेले. केक्यूव्हीची बाजू अशी की, आमची माणसे आमच्या जागेत बसली आहेत, डोळ्यांना जे दिसते ते सांगत आहेत, आणि या प्रसारणातून आम्ही थेट पैसाही घेत नाही. न्यायालयाने ऑगस्ट १९३८ मध्ये हे म्हणणे फेटाळले. सामना क्लबने उभा केला, त्याचा खर्च क्लबने केला, मैदान क्लबच्या ताब्यात आहे. तेव्हा सामना चालू असताना आणि त्यानंतर वाजवी काळापर्यंत त्याच्या बातमीचे जे मोल आहे, ती क्लबची मालमत्ता आहे, असा निर्णय देऊन केक्यूव्हीला मनाई करण्यात आली. आज जगभर खेळांच्या प्रसारण हक्कांचा जो अवाढव्य बाजार उभा आहे, त्याच्या पायातील एक दगड हा निकाल आहे.

या निकालात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. संघ चालवायला पैसा लागतो, खेळाडूला मजुरी द्यावी लागते. दुसऱ्याच्या कष्टावर फुकट धंदा करणे हे काही न्यायाचे लक्षण नव्हे. परंतु या निकालाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागेल. खिडकीतून दिसणारा खेळसुद्धा विकत घेतल्याशिवाय सांगता येणार नाही, असे एकदा ठरले की ज्याच्याजवळ पैसा तोच सांगणारा होतो. आणि ज्या खेळाला जाहिरातदार नाही, तो खेळ सांगायला कुणी उरत नाही.

खटल्यात नसलेले दोन संघ

हे केवळ तर्काने सांगण्याची गरज नाही. त्याच पिट्सबर्गमध्ये त्याच काळात आणखी दोन बेसबॉल संघ होते. शेजारच्या होमस्टेड या पोलादनगरीतील कृष्णवर्णीय कामगारांनी सुरू केलेला होमस्टेड ग्रेज, आणि शहराच्या हिल डिस्ट्रिक्ट वस्तीतील पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स. जॉश गिब्सन हा दोन्ही संघांकडून खेळला. सॅचेल पेज क्रॉफर्ड्सकडून खेळला. बेसबॉलच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ खेळाडूंत आज या दोघांची गणना होते. परंतु गोऱ्यांच्या मोठ्या लीगची दारे त्या काळी कृष्णवर्णीयांना बंद होती. तसा लेखी नियम नव्हता. गरजही नव्हती. आपल्याकडेही विहिरीवर पाटी कुठे लावलेली असायची?

पायरेट्स बाहेरगावी असले की ग्रेज संघ त्याच फोर्ब्स फील्डवर भाडे भरून खेळे. मैदान चाले, भाडे चाले. पण कृष्णवर्णीय खेळाडूंना तिथल्या कपडे बदलण्याच्या खोल्या चालत नसत. या अपमानाला उत्तर म्हणून क्रॉफर्ड्सचे मालक गस ग्रीनली यांनी १९३२ साली आपल्या वस्तीत स्वतःचे मैदान बांधले. ज्या १९३८ साली पायरेट्सच्या आवाजावरून रेडिओ केंद्र न्यायालयात उभे होते, त्याच वर्षी हे ग्रीनली मैदान पाडले गेले आणि पुढच्या वर्षी क्रॉफर्ड्स संघ शहर सोडून गेला.

या संघांचे सामने रेडिओवर क्वचितच ऐकू येत. त्यांच्यासाठी कुणी कुंपणाबाहेर खिडकी भाड्याने घेतली नाही. मग त्यांची नावे टिकली कशी? ती टिकवली ‘पिट्सबर्ग कुरियर’ने. कुरियर हे कृष्णवर्णीयांचे स्वतःचे साप्ताहिक. त्याचे क्रीडा लेखक वेंडेल स्मिथ यांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना मोठ्या लीगमध्ये प्रवेश मिळावा म्हणून वर्षानुवर्षे लेखणी झिजवली. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला, त्यामागे या लेखणीचाही वाटा होता. स्वतःचे पत्र नसते तर हा इतिहास कुणाच्या वहीत लिहिला गेला असता? ज्या समाजाने आपली वर्तमानपत्रे पोटाला चिमटा घेऊन चालवली, त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या ब्रुकलिनच्या संघाचीच आणखी एक हकिकत इथे सांगितली पाहिजे. रेडिओवर सामना ऐकवला तर मैदान ओस पडेल, या भीतीने न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनी मिळून काही वर्षे रेडिओला बंदी केली होती. १९३९ साली डॉजर्सने ही एकी मोडली आणि रेड बार्बर या निवेदकाला आणले. भीती खोटी ठरली. रेडिओने सामन्याची गोडी लावली आणि ज्यांनी कधी मैदान पाहिले नव्हते अशी माणसेही संघाची झाली. हा बार्बर अमेरिकेच्या दक्षिणेतला, वर्णभेदाच्या वातावरणात वाढलेला. संघात कृष्णवर्णीय खेळाडू येणार हे त्याला १९४५ साली संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी सांगितले, तेव्हा नोकरी सोडण्याचा विचार त्याच्या मनात आला. पण तो थांबला, स्वतःशी झगडला आणि रॉबिन्सन आल्यावर त्याचा खेळ जसा होता तसा सांगितला. लाखो घरांत रॉबिन्सन प्रथम पोहोचला तो या आवाजातून. त्याच जागी एखादा मनातला विखार ओकणारा निवेदक असता तर काय झाले असते? माईकपुढे कोण बसतो, या प्रश्नाचे महत्त्व एवढे मोठे आहे.

आपल्याकडे काय झाले?

पिट्सबर्गच्या खोल्यांची गोष्ट वाचताना आपल्याला पळवणकर बाळूंची आठवण होणे साहजिक आहे. अस्पृश्य समाजात जन्मलेल्या या गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. पुण्यात मात्र त्यांना चहा मिळे तो पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. हिंदू संघासाठी त्यांनी वर्षानुवर्षे गोलंदाजी केली, पण कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. ते त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना, १९२३ साली मिळाले. बाळूंची कारकीर्द संपली तेव्हा मुंबईत रेडिओ केंद्रच नव्हते. ते १९२७ साली सुरू झाले. ए. एफ. एस. तल्यारखान यांनी मुंबईतल्या चौरंगी सामन्याचे रेडिओवरून इंग्रजीत वर्णन केले ते १९३४ साली. पुढे बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून मराठीत धावते समालोचन केले आणि इंग्रजी न कळणाऱ्या माणसाच्या घरात क्रिकेट शिरले. भाषेचा अडसर दूर झाला, ही मोठी गोष्ट होती. पण कोणता खेळ सांगायचा आणि कुणी सांगायचा, हे ठरवणारे हात मात्र फारसे बदलले नाहीत.

१९९३ च्या हिरो कपच्या वेळी प्रसारणाच्या हक्कावरून सरकार आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात जुंपली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिला. खंडपीठात न्या. पी. बी. सावंत होते. निकालाचे सार असे: हवेतील ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिचा वापर जनतेच्या हितासाठीच झाला पाहिजे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी नको आणि धनदांडग्यांचीही नको. विविध मते, विविध आवाज ऐकण्याचा हक्क श्रोत्याला आहे.

वाचकांनी पिट्सबर्गचा निकाल आणि हा निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. तिथे प्रश्न होता, सामना कुणाचा? इथे प्रश्न आला, ज्या लहरींवरून सामना जातो त्या कुणाच्या? क्लबची मालमत्ता मान्य केली तरी लहरी जनतेच्या आहेत, हे विसरून चालणार नाही. सार्वजनिक पाणवठ्यावर कुणी एकाने बोली लावून ताबा घ्यावा आणि बाकीच्यांनी काठावर उभे राहावे, हा न्याय आपण १९२७ साली चवदार तळ्यावर नाकारलेला आहे.

या विचाराच्या आधारे २००७ साली कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे सिग्नल ज्याने हक्क घेतले त्याने प्रसार भारतीला द्यावेत, आणि रेडिओच्या जाहिरात उत्पन्नाची वाटणी निम्मी-निम्मी व्हावी, असे त्यात ठरले. चांगले झाले. खेड्यातल्या माणसाला मोठे सामने फुकट ऐकता आले. पण कायद्याचा शब्द आहे ‘राष्ट्रीय महत्त्व’. गावचा, तालुक्याचा, वस्तीचा संघ या शब्दात बसतो कुठे?

कलम आहे, चुरस नाही

स्थानिक खेळासाठी दार मुळीच नाही असेही नाही. खासगी एफएम केंद्रांच्या तिसऱ्या टप्प्याचे धोरण २०११ साली जाहीर झाले. त्यात बातम्यांवर बंधने आहेत, मोठ्या सामन्यांच्या थेट वर्णनाला परवानगी नाही. परंतु स्थानिक स्वरूपाच्या क्रीडा सामन्यांचे थेट समालोचन करता येईल, असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे कायद्याने ज्या एका खेळाचा माईक खासगी केंद्रांच्या हाती दिला, तो नेमका आपल्या गल्लीतला खेळ आहे.

मग अमेरिकेत शहराच्या संघासाठी केंद्रे न्यायालयापर्यंत गेली, तशी चुरस आपल्याकडे का दिसत नाही? खेळ नाहीत म्हणून? कोल्हापूरला जाऊन पाहा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, प्रॅक्टिस क्लब यांचे फुटबॉल सामने असले की पेठाच्या पेठा मैदानाकडे निघतात. राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभारले त्या भूमीत कुस्तीचे फड आजही गर्दी खेचतात. परळ, नायगाव, डिलाईल रोडच्या गिरणगावात कबड्डीची मंडळे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. संघ आहेत, चाहते आहेत, ईर्ष्या आहे. नाही तो फक्त जाहिरातदार.

केंद्रांचे गणित समजून घेतले पाहिजे. एफएमचा परवाना लिलावात मिळतो. बोलीचे पैसे आधी भरायचे. पुढे दरवर्षी एकूण उत्पन्नाच्या ४ टक्के किंवा त्या शहराच्या बोलीच्या रकमेवर आधारलेले किमान शुल्क, यांत जे जास्त असेल ते सरकारला द्यायचे. शिवाय गाण्यांचे मानधन, मनोरा, वीज, पगार. इतका पैसा उभा करायचा तर ज्याच्या खिशात पैसा आहे अशाच श्रोत्याच्या मागे लागावे लागते. चित्रपटाचे गाणे वाजवणे स्वस्त पडते. मैदानावर माणूस, माईक आणि तारा नेणे महाग. सरकारने जनतेच्या लहरी लिलावात विकल्या, आणि लिलावाने जनतेचाच खेळ परवडेनासा करून ठेवला. यात एखाद्या केंद्राचा दुष्टपणा शोधण्याची गरज नाही. व्यवस्थाच अशी आहे.

बाजार खेळाला हात लावतो तेव्हा काय होते तेही आपण पाहिले. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली. मातीतला खेळ मॅटवर गेला, खेळाडूंना पैसा मिळाला, त्याचा आम्हाला आनंदच आहे. गरिबाच्या घरचा पोरगा लिलावात लाखोंची बोली घेतो, हे थोडे नाही. संघांना मुंबई-पुण्याची नावे मिळाली. पण ज्या मंडळांनी हे खेळाडू घडवले, त्या मंडळांचे सामने मात्र पूर्वीइतकेच मुके राहिले. फळ बाजारात गेले, झाडाला पाणी घालायला कुणी आले नाही.

कुणी म्हणेल, आता मोबाईल आहे, गावोगावची पोरे सामने थेट दाखवतात, रेडिओ हवा कशाला? मोबाईलवर दाखवतात ते उत्तमच करतात. पण पाहण्यासाठी डोळे आणि हात मोकळे लागतात, नेटचे पैसे लागतात. शिलाई मशीनवर बसलेली बाई, रिक्षा चालवणारा, बांधकामावर विटा वाहणारा, शेतात भांगलण करणारी, यांना काम थांबवता येत नाही. रेडिओ हे कष्टकऱ्याचे माध्यम आहे. ते हात अडवत नाही आणि ऐकण्याचे पैसे मागत नाही.

आपण काय करायचे?

केवळ तक्रार करून प्रश्न सुटत नाही. म्हणून आम्ही काही गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट. जे मैदान नगरपालिकेचे, जिल्हा परिषदेचे किंवा सरकारचे आहे, ज्या स्पर्धेला सरकारी अनुदान आहे, तिथल्या रेडिओ प्रसारणाचा हक्क एकाच केंद्राला देऊ नये. जो ऐकवायला तयार आहे त्या प्रत्येकाला वाजवी दराने तो मिळावा, आणि सामुदायिक रेडिओला विनामूल्य. आलेल्या पैशातला वाटा खेळाडूंना मिळावा, ही अट संयोजकांवर असावी. हा ठराव महासभेत, ग्रामसभेत मांडता येतो. मांडणारे नगरसेवक, सदस्य आपल्यात आहेत.

दुसरी गोष्ट. स्थानिक खेळाचे समालोचन ही एफएम केंद्रांना दिलेली नुसती मुभा राहू नये. सार्वजनिक लहरी वापरण्याच्या बदल्यात आठवड्याला ठरावीक तास स्थानिक खेळासाठी द्यावेत, आणि तेवढ्या प्रमाणात वार्षिक शुल्कात सूट मिळावी, अशी मागणी केंद्र सरकारकडे गेली पाहिजे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण तिच्यासाठी कुणाच्या दारात जावे लागत नाही. २००६ पासून सामुदायिक रेडिओचा परवाना स्वयंसेवी संस्थांनाही मिळू शकतो. संस्था नोंदणीकृत, नफा न कमावणारी आणि किमान ३ वर्षे समाजात काम केलेली असावी लागते. राजकीय पक्षांना व त्यांच्या आघाड्यांना तो मिळत नाही. १०० वॅटच्या यंत्राने आसपासच्या गावांपर्यंत आवाज जातो. तेलंगणात जहीराबादजवळच्या माचनूर गावी दलित महिलांनी २००८ पासून ‘संघम रेडिओ’ चालवला. आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी उभी राहिली. शेतमजुरी करणाऱ्या बाया माईक धरू शकतात, तर आपली महाविद्यालये, वसतिगृहे चालवणाऱ्या संस्था, शिक्षण मंडळे काय करीत आहेत? वर्गणीतून कमानी उभ्या राहतात, डीजे वाजतात. त्यातला काही भाग एका मनोऱ्यासाठी बाजूला काढता येणार नाही काय?

चौथी गोष्ट. माईक मिळाला तरी बोलणारा लागतो. समालोचन ही विद्या आहे. खेळाचे नियम, खेळाडूंची माहिती, जिभेवर ताबा आणि न्यायबुद्धी, एवढे सगळे तिला लागते. वस्तीतल्या मुलामुलींना ती शिकवली पाहिजे. मुलींना आवर्जून. कारण मुलींच्या खो-खोचा, कबड्डीचा सामना मुलगीच सांगू लागली, तर घराच्या ओट्यावर बसून ऐकणाऱ्या दुसऱ्या मुलीला मैदान जवळचे वाटेल.

गावगाड्यात दवंडी पिटण्याचे काम आपल्या पूर्वजांवर लादले होते. गावाला बातमी ऐकवणारा आवाज आपला होता, पण बातमी मात्र दुसऱ्याची. कुस्तीच्या फडात आजही हलगी घुमते तेव्हा पैलवानाच्या अंगात बळ येते. विजेत्याच्या गळ्यात हार पडतो, हलगीवाल्याचे नाव कुणी विचारीत नाही. वतनाची ती सक्ती बाबासाहेबांनी झुगारायला शिकवली. आता बातमीही आपली, आवाजही आपला, असे झाले पाहिजे.

पिट्सबर्गला एका संघाच्या आवाजासाठी खटला झाला आणि दोन संघ कुणी न विचारता राहिले. आपल्या जिल्ह्यात उद्या रेडिओ हक्कांची बोली लागेल तेव्हा कोण जिंकते हे आपण पाहूच. पण त्याआधी आपल्या मंडळाच्या पुढच्या स्पर्धेचे रेडिओ हक्क कुणाला, कोणत्या अटीवर द्यायचे, हा विषय या महिन्याच्या बैठकीत घ्या. लहरी जनतेच्या आहेत असे सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे. त्या वापरायला मात्र आपल्यालाच पुढे यावे लागेल.